सोलरची तीन कोटेशनं आणि गॅस एजन्सी: दरावर जावं की माणसावर? (सातारा)

शाहूपुरीचे गुरुजी, सातारा

नमस्कार मंडळी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं. आता शाहूपुरीत बैठ्या घरात आम्ही दोघंच असतो. गच्ची मोकळी आहे. शेजारच्यांचा एक नारळ तेवढा दुपारी तीननंतर एका कोपऱ्यात सावली टाकतो.

विषय असा. मुलगा गोरेगावला असतो. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाला, "बाबा, आम्ही वीज कंपनी बदलली. दर बघितले, अर्ज केला, झालं." मला हे ठाऊकच नव्हतं. आपल्याकडं घरगुती ग्राहकाला महावितरण एकच. कोयनेच्या १९६० मेगावॅटसाठी आपल्याच जिल्ह्यातली गावं उठली, वांकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आपल्यासमोर उभ्या राहिल्या, पण वीज कुणाकडून घ्यायची हे साताऱ्यातला माणूस ठरवू शकत नाही. ठरवता येण्यासारख्या दोनच गोष्टी माझ्या हातात आहेत. गच्चीवर सोलर कुणाकडून बसवायचं आणि गॅस कुठल्या एजन्सीकडून घ्यायचा. या दोन्हींबद्दल विचारायचं आहे.

मीटरचा आकडा मी दर महिन्याच्या एक तारखेला वहीत लिहितो. गेल्या बारा महिन्यांची बेरीज २,८३० युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी २३६. सर्वांत कमी डिसेंबरात १६८, सर्वांत जास्त मे महिन्यात ३४२, कारण तेव्हा नातवंडं असतात आणि त्यांच्या खोलीत एसी चालतो. पहिले १०० युनिट स्वस्त असतात, १०१ ते ३०० चा दर त्याच्या दुपटीहून जास्त, आणि ३०० ओलांडले की आणखी चढतो. म्हणजे आमचं निम्म्याहून जास्त बिल त्या मधल्या टप्प्यातच जातं.

पीएम सूर्यघर योजनेत अनुदान एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त कितीही बसवलं तरी ७८,००० आहे. एवढं मी नीट वाचलं आहे. आता तीन कोटेशनं.

पहिलं पुण्याच्या एका कंपनीचं. तीन किलोवॅट, १,७४,०००. गच्ची न बघता व्हॉट्सअॅपवर पाठवलं. त्यानंतर रोज एक फोन येतो, दर वेळी बाई वेगळ्या, आणि प्रत्येक वेळी "आजच पाच हजार भरून बुकिंग करा, उद्या दर वाढेल." हे ऐकून मागच्या महिन्याचे वीस दिवस गेले, दर काही वाढला नाही.

दुसरं पोवई नाक्याजवळ दुकान असलेल्या एका तरुणाचं. तीन किलोवॅट १,९५,०००. हा स्वतः आला, गच्चीवर टेप लावला, होकायंत्र ठेवलं, नारळाची सावली कुठवर येते ते बघायला मुद्दाम दुपारी चार वाजता परत आला. माझी वही चाळली आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला दोन किलोवॅट पुरतात." दोनचा भाव त्यानं १,३८,००० सांगितला. स्वतःचा धंदा कमी करून सांगणारा माणूस मला पटला, पण पटणं वेगळं आणि निवृत्तीच्या पैशातून चेक फाडणं वेगळं. त्याचं दुकान तीनच वर्षांचं आहे.

तिसरं कराडच्या एका जुन्या फर्मचं, २,१०,०००. पॅनेल नावाजलेले, फाइल रंगीत. पण पुढं बिघडलं तर कोण येणार, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, "फोन करा, माणूस येईल." कोण, किती दिवसांत, काही नाही.

आता गॅस. सध्याच्या एजन्सीकडं बुकिंग केलं की आठ-नऊ दिवस लागतात. गाडी कॉलनीच्या तोंडाशी थांबते. घरापर्यंत आणायचे पन्नास रुपये वेगळे मागतात. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मला हर्नियामुळं डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलंय. भरलेला सिलेंडर तीस किलोच्या आसपास जातो. तेव्हा पन्नास रुपये देतो आणि गप्प बसतो. हे मला खटकतं. एजन्सी बदलता येते का, आणि दुसऱ्या कंपनीचा गॅस स्वस्त पडतो का?

मी ६७ वर्षांचा आहे. पॅनेल पंचवीस वर्षं चालतात म्हणतात. माझ्यामागं हिला बिलाची आणि सिलेंडरची काळजी राहू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे. ज्यांनी बसवलंय त्यांनी कृपया मोकळेपणानं लिहावं.

वाईकर, सध्या बोरिवली

गुरुजी, नमस्कार. चिरंजीव म्हणतात ते खरं आहे. मुंबईच्या उपनगरांत अदानी आणि टाटा या दोघांतून निवडता येतं, २००९ पासून हे सुरू आहे. पण त्यात एक मेख आहे. वीज एकाची आणि तारा दुसऱ्याच्या, असं असेल तर वहन आकार, म्हणजे वीज तारांवरून आणून देण्याचे पैसे, ज्याच्या तारा त्याच्या दरानं लागतो. नुसता वीज आकार बघून बदललेले माझ्या सोसायटीत दोघे आहेत, त्यांना वाटला तेवढा फरक पडला नाही. आणि ही सोय सगळ्या मुंबईतही नाही. दक्षिणेकडं बेस्ट, मुलुंड-भांडुपला महावितरण, तिथं तुमच्यासारखंच एकच दार. सबब त्याचं फार मनाला लावून घेऊ नका. तुमच्या हातात गच्ची आहे, आमच्या हातात ती पण नाही, आम्ही चौथ्या मजल्यावर.

कृष्णाकाठची, सांगली

गुरुजी, तुमची वही बघून बरं वाटलं. बारा महिन्यांचे आकडे असलेला माणूस या बाजारात फसत नाही. मी फसले, कारण माझ्याकडं फक्त शेवटचं बिल होतं.

आमच्याकडं २०२४ च्या दिवाळीनंतर तीन किलोवॅट बसवलं. चार कोटेशनं घेतली आणि सगळ्यांत स्वस्त निवडलं. ज्यांना दिलं त्यांचं नाव इथं लिहीत नाही, ते महत्त्वाचं पण नाही. काय झालं ते सांगते.

आमचं घर गावभागात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फूट ६ इंचावर गेलं तेव्हा आमच्या खालच्या मजल्यात छातीएवढं पाणी होतं. गॅसचा सिलेंडर स्वयंपाकघरात तरंगत होता. हे बसवायला आलेल्या पोरांना मी सांगितलं, तरी ते सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणारी पेटी, खाली, मीटरच्या शेजारी लावायला निघाले. का, तर वायर कमी लागते. त्यांच्या कोटेशनात वायर पंधरा मीटरच धरली होती. मी अडून बसले तेव्हा वरच्या मजल्यावर लावला आणि जादा वायरीचे साडेचार हजार घेतले. म्हणजे स्वस्तातला निम्मा स्वस्तपणा पहिल्याच दिवशी गेला. साताऱ्यात पूर नाही, पण तुमच्या पुण्याच्या कोटेशनात वायर किती मीटर आणि स्ट्रक्चर किती उंचीचं, हे लिहिलंय का ते बघा. गच्ची न बघता हे लिहिता येतच नाही.

खरा त्रास पुढच्या जुलैत झाला. इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला. मी फोन केले, एकूण अकरा. प्रत्येक वेळी "तक्रार नोंदवली आहे, मॅडम." तेविसाव्या दिवशी माणूस आला आणि दहा मिनिटांत काम झालं, एका जोडात पाणी शिरलं होतं. त्या तेवीस दिवसांत एक युनिट तयार झालं नाही. आमच्या मागच्या गल्लीत एकांनी सांगलीतल्याच माणसाकडून घेतलंय, आमच्यापेक्षा चौदा हजार जास्त देऊन. त्यांच्याकडं बिघाड झाला तेव्हा तो दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. मला ते चौदा हजार आता रोज आठवतात.

तेव्हा मला विचाराल तर दुकानदाराला एवढंच विचारा: दोन पावसाळे उलटलेल्या तीन गिऱ्हाइकांचे पत्ते द्या. नवीन गिऱ्हाईक सगळं छानच सांगतं, त्याचं काही बिघडलेलंच नसतं. दोन पावसाळे गेलेल्याकडं जाऊन एकच प्रश्न विचारायचा, बिघडल्यावर किती दिवसांनी आले? जो पत्ते द्यायला कां-कूं करेल तो बाद. तीन वर्षांच्या दुकानाकडं अशी गिऱ्हाइकं असायला हवीत.

आणि पाच वर्षांची देखभाल ही योजनेतच आहे, ती कुणी मेहेरबानी म्हणून देत नाही. योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक आणि विक्रेता यांच्या कराराचा नमुना आहे, तो सही करून घ्या. त्यात किती दिवसांत माणूस येईल हा आकडा हातानं लिहून घ्या. कराडवाले लिहून देतात का बघा. अनुदान थेट तुमच्या बँक खात्यात येतं, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) लागून सगळं तपासून झाल्यावर. म्हणजे आधी पूर्ण पैसे तुम्हालाच उभे करावे लागतात. "अनुदान वजा करूनच द्या" असं कुणी म्हणालं तर दोनदा विचार करा. पॅनेल भारतात बनलेल्या सेलचेच हवेत, नाहीतर अनुदान बसत नाही. नंबर बिलावर आणि पॅनेलवर जुळवून घ्या.

आता दोन की तीन किलोवॅट. तुमच्या त्या तरुणानं सांगितलेल्या दरानं दोन किलोवॅट अनुदान जाऊन ७८,००० ला पडतं आणि तीन १,१७,००० ला. म्हणजे तिसरा किलोवॅट ३९,००० चा. एक किलोवॅट स्वच्छ उन्हात दिवसाला चारेक युनिट देतो. पावसाळा धरून दोन किलोवॅट तुमच्या २,८३० च्या जवळपास पोचतात, थोडं कमी पडेल तेवढंच. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण ३१ मार्चला हिशेब मिटतो आणि तेव्हा उरलेल्यांना जो दर मिळतो तो आपण मोजतो त्याच्या मानानं अगदीच किरकोळ असतो. उगीच जास्त बसवून महावितरणला स्वस्तात वीज विकण्यात अर्थ नाही. तुमचा मुलगा बरोबर बोलला. (दुकानातला म्हणायचंय मला.)

पण एक गोष्ट त्याच्या डोक्यात आली नसेल, कारण त्याला तुमच्या गॅसचं माहीत नाही. तिसऱ्या किलोवॅटवर इंडक्शन चालवता येतं. आमच्याकडं दूध, चहा, कुकर, पाणी तापवणं सगळं इंडक्शनवर गेलं. भाकरी आणि वांगं भाजणं तेवढं गॅसवर, त्याला इलाज नाही. दोन माणसांचा सिलेंडर पूर्वी ५० दिवस जायचा, आता चार महिने जातो. इंडक्शनला महिन्याला साठेक युनिट जादा लागतात. सिलेंडर साडेआठशेच्या पुढं आहे, वर्षाला चार जरी वाचले तरी साडेतीन हजार. पैशाच्या हिशेबानं तिसऱ्या किलोवॅटला दहा-अकरा वर्षं लागतील, हे कबूल. पण काकूंना वर्षात चारदा त्या गाडीवाल्याची वाट बघावी लागणार नाही. तुम्ही ज्या काळजीनं लिहिलंय त्यात मला तरी हे जास्त मोलाचं वाटतं.

गॅसचं उत्तर सोपं आहे. इंडेन, भारत, एचपी, घरगुती सिलेंडरचा दर तिघांचा एकच. २०२३ च्या ऑगस्टअखेर २०० रुपये उतरले, २०२४ च्या मार्चमध्ये १०० उतरले, २०२५ च्या एप्रिलमध्ये ५० चढले, तिन्ही वेळा तिघांचं एकदमच. त्यामुळं कंपनी बदलून काही वाचत नाही. कंपनी तीच ठेवून एजन्सी बदला. सिलेंडर, रेग्युलेटर तेच राहतात. मायएलपीजीच्या पोर्टलवर आपल्या भागातल्या वितरकांना तारे दिलेले असतात, बुकिंगनंतर किती दिवसांत पोचवतात त्यावरून. आमच्या जुन्या एजन्सीला दोन होते, आत्ताच्या एजन्सीला चार, आणि फरक खरोखर तेवढाच आहे.

पन्नास रुपये देऊ नका. घरपोच आणण्याचा खर्च पावतीतल्या रकमेत धरलेला असतो. उलट गोदामातून स्वतः आणलं तर तेवढी रक्कम कमी करून द्यायची असते. वजनकाटा गाडीवर असायलाच हवा, मागा. सिलेंडरवर रिकामं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवायचं. कड्याच्या आतल्या पट्टीवर ए, बी, सी, डी आणि वर्ष असतं, म्हणजे सिलेंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत, ते पण बघत चला. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, तसं तिमाहीनं पुढं. ती तारीख उलटून गेली असेल तर सिलेंडर परत पाठवायचा.

निवृत्त वायरमन, कराड

रामराम गुरुजी. ताईंनी लई चांगलं लिवलंय. मी ३४ वर्सं खांबावर काढली, म्हणून दोन गोष्टी सांगतो ज्या दुकानदार सांगत न्हाईत.

एक. लाइट गेली की हे सोलर बी बंद पडतं. भर दुपारी, कडक ऊन असलं तरी. लोक मग भांडाय येतात, एवढं पैसं घातलं आन् पंखा फिरंना. पर ते मुद्दाम तसं केलेलं असतंय. लाइन बंद करून आमचा माणूस वर चढतो. तुमच्या गच्चीवरनं वीज उलटी तारंत आली तर तो खाली येत न्हाई, त्याला खाली आणावा लागतो. माझ्याबरोबरचा एक गडी असाच गेला, तवा सोलर नव्हतं, कुणाचा तरी जनरेटर होता. म्हणून ते बंद पडतंय हे चांगलंच आहे. लाइट गेल्यावर बी पाहिजे असंल तर बॅटरीवालं घ्यावं लागतं, त्याचं पैसं लई वाढतात. तुमच्याकडं साधा इन्व्हर्टर-बॅटरी असंल तर तोच ठेवा.

दुसरं अर्थिंग. तीन पाहिजेत. पॅनेलचं येगळं, इन्व्हर्टरकडचं येगळं, आन् वीज पडायच्या सळीचं येगळं. स्वस्तवाले एकच खड्डा मारून तिन्ही तारा त्यातच सोडतात. वळवाच्या पावसात आपल्याकडं कशा इजा पडतात तुमास्नी माहीत आहे. सळीवर पडलेली वीज त्याच तारंनं घरात येती. कोटेशनात "अर्थिंग ३" असं लिवून घ्या.

आन् गुरुजी, वीजबिल कुणाच्या नावावर आहे? अर्धी कामं तिथंच अडकतात. बिलावरचं नाव, अर्जाचं नाव, बँकेचं नाव एकच लागतं.

बिल शून्य येईल असं कुणी सांगितलं तर मानू नका. स्थिर आकार राहतोच. छापील बिल बंद करून ईमेलवर घेतलं तर दहा रुपये सुटतात, तेवढं पोराकडनं करून घ्या.

शाहूपुरीचे गुरुजी, सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण फिरत होतो.

वायरमन दादा, तुम्ही बरोबर नस पकडलीत. बिल अजून माझ्या वडिलांच्या नावावर आहे. ते २०११ साली गेले. पैसे भरतोय तर नाव कशाला बदलायचं, असं म्हणत राहिलो. तिघांपैकी एकाही दुकानदारानं हे विचारलं नव्हतं. वारसाची कागदपत्रं काढली आहेत, सोमवारी अर्ज देतो. तुमच्या सोबत्याचं वाचून त्या रात्री झोप लागली नाही. सोलर बंद पडतं म्हणून मी कधीच भांडणार नाही.

ताई, तुमचं ऐकून तिघांनाही जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते मागितले. पुणेकर बाईंनी "ती माहिती गोपनीय आहे" म्हणून सांगितलं. कराडहून दोन पत्ते आले, दोन्ही यंदाच्याच उन्हाळ्यातले. पोवई नाक्यावरच्या मुलानं पाच दिले. मी तिघांकडं स्वतः जाऊन आलो: गोडोली, करंजे आणि कोडोली. करंज्यातल्या बाईंनी सांगितलं, वानरांनी वायर ओढून तोडली होती, तो त्याच संध्याकाळी आला आणि वायर पाइपातून घालून दिली, पैसे घेतले नाहीत. गोडोलीच्या गृहस्थांनी मात्र सांगितलं की नेट मीटरच्या कागदांना त्यानं दीड महिना लावला आणि त्याबद्दल नीट कळवत नव्हता. हेही मी त्याला तोंडावर विचारलं. त्यानं कबूल केलं, तेव्हा तो एकटाच होता, आता कागदपत्रांसाठी मुलगी ठेवली आहे म्हणाला. खोटं बोलला असता तर मी सोडून दिलं असतं.

तीन किलोवॅटच घ्यायचं ठरवलं. इंडक्शनचं हिला विचारलं. भाकरीचं ऐकून घेतल्यावर ती "हो" म्हणाली. करारात "तक्रारीनंतर ४८ तासांत माणूस" हे त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंय आणि अर्थिंग ३ पण.

गॅस एजन्सी बदलली. पहिला सिलेंडर तिसऱ्या दिवशी आला, ओट्यापर्यंत. काटा मागितला तर पोरानं न कुरकुरता गाडीतून आणला. २९ किलो ७००, रिकामं वजन १५.५. बरोबर भरलं.

एकच विचारायचं राहिलं. बसवताना मी गच्चीवर उभं राहण्यात काही अर्थ आहे का, की त्यातलं मला काही कळणार नाही?

कृष्णाकाठची, सांगली

उभे राहा, गुरुजी. गच्चीवर नाही, खाली अंगणात, अर्थिंगचे खड्डे घेतात तिथं. ते काम सगळ्यात शेवटी, अंधार पडताना उरकतात आणि एकदा माती ओढली की नंतर काही दिसत नाही. तीन खड्डे मोजा, प्रत्येकाचा सळी घातलेला फोटो काढा आणि मगच बुजवू द्या. खुर्ची टाकून बसा, काकूंना चहा पाठवायला सांगा सगळ्यांना. काम संपलं की इथं कळवा.